शेजारी राष्ट्रे आणि उच्च शिक्षण : बंगळुरूच्या निमित्ताने

राष्ट्राराष्ट्रांतील संबंधांचा विचार करू लागलो की आपले लक्ष प्रथम सीमारेषा, सैन्य, व्यापार आणि करारमदार यांच्याकडे जाते. हे स्वाभाविकच आहे, कारण या गोष्टी डोळ्यांना दिसतात आणि मोजता येतात. परंतु दोन देशांमधील जवळीक किंवा दुरावा केवळ यांवरच ठरत नाही. एका देशातील तरुण मुलगा वा मुलगी दुसऱ्या देशात जाऊन तीन-चार वर्षे राहते, तेथील भाषा कानांवर पडते, तेथील ग्रंथालयात ती रात्री जागवते, तेथील खाणावळीत जेवते आणि पदवी घेऊन मायदेशी परतते. या साध्या घटनेचेही परिणाम दूरवर पोहोचतात. पुढे तोच विद्यार्थी आपल्या देशात डॉक्टर, अभियंता, न्यायाधीश, प्राध्यापक किंवा क्वचित पंतप्रधानही होतो. आणि शेजारच्या देशाचे जे चित्र त्याच्या मनात तरुणपणी उमटलेले असते, ते सहसा पुसले जात नाही.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये या प्रकारच्या प्रभावाला 'सॉफ्ट पॉवर' असे नाव दिले. मराठीत तिला सौम्य शक्ती म्हणता येईल. धाक दाखवून किंवा पैसा देऊन दुसऱ्याकडून काही करवून घेणे हा सत्तेचा एक प्रकार झाला. आपल्याला जे हवे तेच दुसऱ्यालाही हवेसे वाटावे, अशा आकर्षणातून निर्माण होणारी सत्ता हा दुसरा प्रकार होय. एखाद्या देशाची कला, त्याची मूल्ये, त्याचे परराष्ट्र धोरण आणि त्याच्या शिक्षणसंस्था ही या दुसऱ्या सत्तेची उगमस्थाने मानली जातात. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. प्रस्तुत प्रकरणात तिचा विचार भारत आणि त्याचे शेजारी यांच्या संदर्भात, आणि त्यातही बंगळुरू या एका शहराच्या आधारे करावयाचा आहे.

जुन्या वाटा

सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्युएनत्संग नालंदा महाविहारात येऊन राहिला, तेथे त्याने अध्ययन केले आणि ग्रंथांचा मोठा संग्रह घेऊन तो परत गेला, ही हकीकत शाळेतील पाठ्यपुस्तकांमुळे सर्वपरिचित आहे. तितकी परिचित नसलेली, परंतु तितकीच महत्त्वाची घटना अकराव्या शतकातील आहे. विक्रमशील विहारातील आचार्य अतीश दीपंकर इ. स. १०४२ मध्ये तिबेटात गेले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तेथेच राहिले. तिबेटातील बौद्ध धर्माला त्यांच्या शिकवणुकीने जे वळण मिळाले, ते कोणत्याही राजाच्या सैन्याला देता आले नसते. विद्यार्थी येतो आणि आचार्य जातो, अशी ही दुहेरी वाट होती.

आधुनिक काळात ही वाट पुन्हा मोकळी करण्याचा प्रयत्न रवींद्रनाथ ठाकूर यांनी केला. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या विश्वभारतीत १९३७ मध्ये चीना भवन उभे राहिले. सिंहली संगीतकार आनंद समरकोन १९३६ मध्ये शांतिनिकेतनात शिकावयास आले होते. पुढे त्यांनी रचलेले गीत श्रीलंकेचे राष्ट्रगीत झाले. एका शेजारी राष्ट्राच्या राष्ट्रगीताचा कर्ता भारतातील विद्यापीठाच्या अंगणात काही काळ वावरला होता, ही गोष्ट कोणत्याही करारपत्रात नोंदलेली नाही. तथापि तिचे मोल कमी नाही.

नेपाळच्या बाबतीत तर हा संबंध अधिक निकटचा आहे. राणा घराण्याच्या राजवटीत नेपाळमध्ये उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. काठमांडू येथे १९१८ मध्ये त्रिचंद्र महाविद्यालय निघाले, तेही प्रारंभी कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते. देशाचे स्वतःचे त्रिभुवन विद्यापीठ स्थापन होण्यास १९५९ साल उजाडावे लागले. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, ज्याला शिकावयाचे असेल त्याने बनारस, पाटणा किंवा कलकत्ता गाठावे, हाच परिपाठ होता. विश्वेश्वरप्रसाद कोइराला यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण बनारसला आणि कायद्याचे शिक्षण कलकत्त्यास झाले. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी भारतातील तुरुंगवास भोगला, आणि १९४७ मध्ये कलकत्ता येथे नेपाळी राष्ट्रीय काँग्रेसची स्थापना झाली, तिच्या अग्रभागी ते होते. पुढे साम्यवादी पक्षाचे नेते म्हणून १९९४ मध्ये नेपाळचे पंतप्रधान झालेले मनमोहन अधिकारी हेही बनारसचेच विद्यार्थी, आणि त्यांनाही १९४२ मध्ये अटक झाली होती. या तरुणांना लोकशाहीचे धडे कोणी वर्गात बसवून दिले नव्हते. शेजारच्या देशात चाललेला लढा त्यांनी पाहिला, त्यात उडी घेतली आणि त्याची ठिणगी ते घरी घेऊन गेले.

सरकारी योजना आणि खाजगी प्रवाह

स्वातंत्र्यानंतर या स्वयंस्फूर्त येण्याजाण्याला शासकीय रूप मिळाले. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणे हे तिच्या प्रमुख कार्यांपैकी एक होय. त्याच सुमारास दक्षिण व आग्नेय आशियातील देशांसाठी कोलंबो योजना आकारास आली. १९६४ मध्ये भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातून शेजारी देशांचे अधिकारी, तंत्रज्ञ आणि शिक्षक अल्पमुदतीच्या प्रशिक्षणासाठी भारतात येऊ लागले. म्हैसूर येथील केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साहाय्याने आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, तेही १९६४ मध्येच. धान्य कसे टिकवावे, फळांवर प्रक्रिया कशी करावी, हे शिकून गेलेला तंत्रज्ञ आपल्या देशात जाऊन कारखाना उभारतो किंवा दुसऱ्यांना शिकवतो. अशा शिक्षणाचा प्रभाव भाषणांतून दिसत नाही, कामातून दिसतो.

परंतु येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. शिष्यवृत्तीवर येणारे विद्यार्थी हे एकंदर परदेशी विद्यार्थ्यांमध्ये थोडेच असतात. बहुसंख्य विद्यार्थी स्वतःच्या खर्चाने येतात. त्यांचे वडील शेत गहाण टाकतात, आई दागिने मोडते, थोरला भाऊ आखाती देशातून पैसे पाठवतो. असा विद्यार्थी कोणत्याही शासनाचा पाहुणा नसतो. तो फी भरणारा ग्राहक असतो. सरकारी पाहुण्याची विचारपूस करण्यास एखादे कार्यालय असते. ग्राहकाची विचारपूस त्याच्या महाविद्यालयाने करावी अशी अपेक्षा असते, आणि महाविद्यालय ती करतेच असे नाही. शेजारी देशांच्या मनात भारताची प्रतिमा घडते ती मुख्यतः या दुसऱ्या वर्गाच्या अनुभवातून. धोरणकर्त्यांचे लक्ष मात्र बहुधा पहिल्या वर्गावर खिळलेले असते.

बंगळुरू विद्यानगरी कशी झाली

या दोन्ही वर्गांचे विद्यार्थी ज्या शहरात मोठ्या संख्येने आढळतात, त्या बंगळुरूकडे आता वळू. या शहराची विद्याक्षेत्रातील प्रतिष्ठा शंभर वर्षांहून जुनी आहे. जमशेटजी टाटा यांनी उच्च संशोधनासाठी एक संस्था काढण्याचा संकल्प केला. त्यांच्या निधनानंतर म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी तिच्यासाठी बंगळुरूत ३७१ एकर जमीन दिली आणि १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था अस्तित्वात आली. मुंबईच्या पारशी उद्योगपतीचा पैसा, म्हैसूर संस्थानची जमीन आणि ब्रिटिश सरकारची मान्यता यांच्या संयोगातून ती निर्माण झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हैसूरचे दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीत १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ मध्ये बंगळुरूचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर बंगलोर विद्यापीठ (१९६४), भारतीय प्रबंध संस्था (१९७३) आणि मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची राष्ट्रीय संस्था (१९७४) यांची भर पडली.

परंतु शेजारी देशांतील सामान्य विद्यार्थ्याला बंगळुरूने ओढून घेतले ते या नामांकित संस्थांमुळे नव्हे. कर्नाटकात खाजगी महाविद्यालये लवकर आणि मोठ्या संख्येने निघाली. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, संगणक, व्यवस्थापन असे रोजगाराभिमुख अभ्यासक्रम त्यांनी सुरू केले. ही महाविद्यालये पुढे दोन राज्यव्यापी विद्यापीठांना जोडली गेली. आरोग्यशास्त्रांसाठी १९९६ मध्ये बंगळुरूत राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाले, तर अभियांत्रिकीसाठी १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ बेळगावला स्थापन झाले. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, हवा समशीतोष्ण, फी पाश्चात्त्य देशांच्या मानाने कितीतरी कमी, आणि पदवीनंतर नोकरीची आशा लावणारा संगणक उद्योग दाराशी. अशा कारणांनी हे शहर काठमांडू, थिंफू, ढाका, काबूल आणि माले येथील कुटुंबांच्या परिचयाचे झाले. २०१९-२० च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात ४९ हजारांहून थोडे अधिक परदेशी विद्यार्थी होते. त्यांपैकी दहा हजारांहून अधिक एकट्या कर्नाटकात शिकत होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. त्या वर्षी देशातील परदेशी विद्यार्थ्यांत नेपाळचा वाटा २८ टक्के, अफगाणिस्तानचा ९ टक्के, बांगलादेशाचा साडेचार टक्क्यांच्या आसपास आणि भूतानचा पावणेचार टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे दर दहा परदेशी विद्यार्थ्यांमागे चारांहून अधिक या चार शेजारी देशांतून आलेले होते.

या शेजाऱ्यांची स्थिती सारखी नाही. नेपाळ व भूतानच्या नागरिकांना भारतात येण्यास व्हिसा लागत नाही. नेपाळी विद्यार्थी रेल्वेने येतो आणि वसतिगृहात दाखल होतो. भारतीय सैन्यातील गुरखा पलटणी, उपाहारगृहांतील आचारी, सोसायट्यांचे पहारेकरी यांच्यामुळे त्याचा चेहरा शहराला परिचित असतो. परंतु हाच परिचय कधीकधी अपमानाचेही कारण होतो. अफगाण वा बांगलादेशी विद्यार्थ्याला मात्र व्हिसा हवा, आणि येथे आल्यावर ठरावीक मुदतीत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद हवी. त्यासाठी महाविद्यालयाचे प्रमाणपत्र आणि राहत्या जागेचा पुरावा लागतो. जागेचा पुरावा हवा तर घरमालकाने भाडेकरार करून द्यावयास हवा, आणि परदेशी भाडेकरू ठेवण्यास घरमालक नाखूश असतो. राजनीतिज्ञ ज्याला सौम्य शक्ती म्हणतात, तिची पहिली परीक्षा अशा एखाद्या घरमालकाच्या उंबऱ्यावर होते.

एका लहान उपग्रहाची कथा

शिक्षणातून शेजारधर्म कसा फलद्रूप होतो याचे एक अलीकडचे उदाहरण बंगळुरूनेच पुरविले आहे. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेचे मुख्यालय आणि उपग्रह बांधणारे यू. आर. राव उपग्रह केंद्र या शहरात आहे. २०१७ च्या मे महिन्यात भारताने दक्षिण आशियाई देशांच्या उपयोगासाठी एक दळणवळण उपग्रह सोडला. २०१९ च्या जानेवारीत राव केंद्रात लहान उपग्रह बांधण्याचे शिक्षण देणारा 'उन्नती' हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या तुकडीत १७ देशांचे ३० प्रशिक्षणार्थी होते.

पुढे भूतानचे अभियंते या केंद्रात आले. उपग्रहाची जुळणी व चाचणी आणि त्याच्याकडून येणाऱ्या माहितीचे पृथक्करण यांचे शिक्षण त्यांनी घेतले. या सहकार्यातून तयार झालेला भारत-भूतान उपग्रह २६ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोटा येथून अवकाशात गेला. भूतानच्या भूभागाची छायाचित्रे घेणे हे त्याचे एक काम होते; त्याशिवाय हौशी रेडिओचालकांच्या उपयोगाचे एक उपकरणही त्यावर बसविले होते.

या घटनेत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. भारताला एखादा तयार उपग्रह भेट म्हणून देता आला असता. तसे झाले असते तर समारंभ झाला असता, छायाचित्रे निघाली असती आणि काही वर्षांनी उपग्रह निकामी झाल्यावर सर्व विसरले गेले असते. भूतानी अभियंत्यांनी तो बांधण्यात हात घातला, म्हणून उपग्रह संपला तरी विद्या उरते. अर्थात या क्षेत्रात भारत एकटा नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. भूतानचा पहिला उपग्रह २०१८ मध्ये अवकाशात सोडला गेला, तो भूतानी अभियंत्यांनी जपानमधील क्यूशू तंत्रशास्त्र संस्थेत शिकत असताना बांधला होता. शेजारी देश शिक्षणासाठी केवळ शेजारीच बघतो असे नाही. जेथे विद्या मिळेल तेथे तो जातो.

संस्थाच सीमा ओलांडतात तेव्हा

विद्यार्थ्यांऐवजी संस्थांनीच सीमा ओलांडावी, असाही एक मार्ग आहे. भूतानमधील कांगलुंग येथील शेरुब्त्से महाविद्यालय १९८३ मध्ये दिल्ली विद्यापीठाशी संलग्न होऊन पदवी शिक्षण देऊ लागले. पुढे २००३ मध्ये भूतानचे राजविद्यापीठ स्थापन झाले आणि भूतान आपल्या पदव्या स्वतः देऊ लागला. दुसऱ्याच्या आधाराने उभे राहून मग स्वतःच्या पायांवर चालणे, हा या कथेचा स्वाभाविक शेवट होय, आणि तो होऊ देण्यातच आधार देणाऱ्याचे मोठेपण असते. नेपाळमधील धरान येथे १९९३ मध्ये भारताच्या सहकार्याने आरोग्य विज्ञान संस्था निघाली आणि तिला कोइराला यांचेच नाव देण्यात आले. कर्नाटकातील मणिपाल येथील शिक्षणसमूहाने १९९४ मध्ये पोखरा येथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. भारतीय विद्यार्थीही तेथे शिकावयास जाऊ लागले आणि प्रवाह दोन्ही दिशांनी वाहू लागला. बांगलादेशातील वैद्यकीय महाविद्यालयांतही भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने जात आले आहेत. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तेथे उठाव झाला तेव्हा त्यांपैकी हजारो विद्यार्थी परतले, आणि त्यामुळेच ही गोष्ट अनेकांना प्रथम कळली.

सर्व शेजाऱ्यांचे मिळून एक विद्यापीठ असावे, ही कल्पना २००५ च्या ढाका शिखर परिषदेत भारताने मांडली. २००७ मध्ये त्याविषयी करार झाला आणि २०१० मध्ये दिल्लीत दक्षिण आशियाई विद्यापीठ सुरू झाले. सार्क संघटनेच्या आठही देशांचे विद्यार्थी एका वर्गात बसावेत, हा त्याचा हेतू. पण २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर दशकभरात सार्कची शिखर परिषदच भरली नाही. जी संघटना या विद्यापीठाची जननी, तीच थिजल्यावर त्याच्या वाढीला मर्यादा पडणे अपरिहार्य होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शिक्षण राजकारणाला मदत करू शकते. राजकारणाची जागा मात्र ते घेऊ शकत नाही.

कृतज्ञता आणि स्वातंत्र्य

सौम्य शक्तीविषयी एक भाबडी समजूत आढळते. आपल्या देशात शिकलेला मनुष्य पुढे आपल्या बाजूनेच बोलेल, अशी ती समजूत होय. इतिहास तिला दुजोरा देत नाही. विश्वेश्वरप्रसाद कोइराला १९५९ मध्ये नेपाळचे पहिले लोकनिर्वाचित पंतप्रधान झाले. त्यांनी भारताशी स्नेह राखला, पण १९६० च्या मार्च महिन्यात पेकिंगला जाऊन चीनशी सीमेविषयीचा करारही केला. बनारसच्या शिक्षणाने त्यांना भारताचे प्रेम दिले होते. स्वदेशाचे हित बाजूला ठेवण्याची सक्ती केली नव्हती.

बाबुराम भट्टराई यांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांनी चंदीगढला वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९८६ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. १९९६ च्या फेब्रुवारीत माओवादी चळवळीच्या वतीने त्यांनी नेपाळ सरकारपुढे ४० मागण्या ठेवल्या. भारताशी झालेला १९५० चा मैत्री करार रद्द करावा, ही त्यांतील एक प्रमुख मागणी होती. तेच भट्टराई २०११ मध्ये पंतप्रधान झाल्यावर दिल्लीला आले आणि भारतीय गुंतवणुकीला संरक्षण देणारा करार त्यांनी केला. या मनुष्याला भारताचा मित्र म्हणावे की विरोधक? वस्तुतः हा प्रश्नच चुकीचा आहे. तो भारताला आतून ओळखणारा मनुष्य होता. विरोध करताना कोणत्या शब्दावर बोट ठेवावे आणि समेट करताना कोणाशी बोलावे, हे त्याला ठाऊक होते. अशी ओळख असलेला विरोधक अनोळखी मित्रापेक्षा कधीकधी अधिक उपयोगी पडतो.

याच संदर्भात भूतानचे पूर्वीचे पंतप्रधान लोटे त्शेरिंग यांचा उल्लेख करावा लागेल. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक, आणि त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले ते बांगलादेशातील मैमनसिंग येथे. २०१८ मध्ये सत्तेवर आल्यानंतर २०१९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी बांगलादेशाला भेट दिली तेव्हा आपल्या जुन्या महाविद्यालयातही ते जाऊन आले. सौम्य शक्ती ही केवळ मोठ्या राष्ट्रांची मिरासदारी नाही. बांगलादेशासारख्या देशाचे एक वैद्यकीय महाविद्यालयही ते कार्य करू शकते.

मोठ्या राष्ट्रांची स्पर्धा मात्र डोळ्यांआड करता येत नाही. चीनच्या शिक्षण मंत्रालयाने दिलेल्या आकड्यांनुसार २०१८ मध्ये त्या देशात सुमारे ४ लाख ९२ हजार परदेशी विद्यार्थी होते. एकट्या पाकिस्तानातून २८ हजार गेले होते. त्याच सुमारास भारतातील सर्व परदेशी विद्यार्थ्यांची संख्या ४८ हजारांच्याही आत होती. परंतु संख्या म्हणजे सर्वस्व नव्हे. महामारीच्या काळात चीनच्या सीमा दीर्घकाळ बंद राहिल्या आणि हजारो परदेशी विद्यार्थी आपापल्या घरी अडकून पडले, त्यांत भारतीयही होते. बोलावून घेणे सोपे असते. संकटात साथ देणे कठीण.

विश्वास कोठे तुटतो

हीच कसोटी भारतालाही लावली पाहिजे, आणि ती लावताना बंगळुरूला वगळता येणार नाही. २०१६ च्या जानेवारीच्या अखेरीस शहराच्या सीमेवरील भागात एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली सापडून एक स्थानिक स्त्री मृत्यू पावली. काही वेळाने तेथून जाणाऱ्या, त्या अपघाताशी काहीही संबंध नसलेल्या टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली. टांझानियाच्या उच्चायुक्तांना बंगळुरूला धाव घ्यावी लागली आणि परराष्ट्रमंत्र्यांना दुःख व्यक्त करावे लागले. टांझानिया समुद्रापलीकडचा शेजारी. त्याच्या स्वातंत्र्यलढ्याशी भारताची सहानुभूती होती, त्याच्या अनेक तरुणांना भारताने शिक्षण दिले होते. दशकांची ही पुंजी एका रात्रीत उणी झाली.

२०२५ च्या फेब्रुवारीत ओडिशातील एका खाजगी विद्यापीठाच्या वसतिगृहात एक नेपाळी विद्यार्थिनी मृतावस्थेत आढळली. न्याय मागणाऱ्या नेपाळी विद्यार्थ्यांना तेथील व्यवस्थापनाने वसतिगृह सोडून जाण्यास फर्माविले. काठमांडूत संताप उसळला आणि पंतप्रधानांना आपल्या दूतावासाचे अधिकारी तेथे पाठवावे लागले. पुढे दिलगिरी व्यक्त झाली आणि परत येण्याचे आवाहनही झाले. तथापि सामानासह रेल्वे स्थानकावर सोडून दिलेल्या मुलांनी घरी केलेले दूरध्वनी कोणत्याही दिलगिरीने परत घेता येत नाहीत.

सर्वांत अवघड प्रसंग अफगाण विद्यार्थ्यांवर आला. भारत दर वर्षी एक हजार शिष्यवृत्त्या अफगाण तरुणांसाठी राखून ठेवीत असे. शिमल्याला शिकलेले हमीद करझाई राष्ट्राध्यक्ष असताना २०११ मध्ये दोन्ही देशांत सामरिक भागीदारीचा करार झाला; बंगळुरू आणि पुणे ही शहरे अफगाण विद्यार्थ्यांची आवडती होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले. सुरक्षेच्या कारणास्तव भारताने पूर्वी दिलेले व्हिसा रद्द ठरविले. महामारीमुळे मायदेशी गेलेले अनेक विद्यार्थी त्यामुळे तेथेच अडकले. त्यांची नावे भारतातील महाविद्यालयांच्या हजेरीपटावर होती आणि ते स्वतः काबूल किंवा हेरातमध्ये बंद खोलीत होते. २०२२ च्या डिसेंबरात तालिबानने स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंद केले. ज्या मुलीचा प्रवेश बंगळुरूत किंवा पुण्यात कायम होता, तिच्या दृष्टीने व्हिसा हा आता प्रवासाचा परवाना राहिला नव्हता. शिक्षणाचा तो एकमेव मार्ग होता. २०२३ मध्ये भारताने अफगाण विद्यार्थ्यांसाठी घरबसल्या शिकता येईल अशा एक हजार शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. हा उपाय अपुरा असला तरी निरर्थक नव्हता. राज्यसंस्थेला सुरक्षेची काळजी करावी लागते, हे कोणी अमान्य करणार नाही. परंतु जो देश विद्यार्थ्याला बोलावतो, त्याने त्याच्याशी एक न लिहिलेला करार केलेला असतो. अभ्यासक्रम पूर्ण होऊन पदवी हातात पडेपर्यंत दार उघडे राहील, असा तो करार होय.

समारोप

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, उच्च शिक्षणाचा प्रभाव सावकाश पडतो आणि दीर्घकाळ टिकतो. म्हणून वर्षाअखेरीच्या आकड्यांवरून त्याचे मोजमाप करणे व्यर्थ होय. दुसरा असा की, विद्या देणाऱ्याने आज्ञाधारकतेची अपेक्षा ठेवू नये. समजून घेणारा शेजारी मिळाला तरी पुष्कळ झाले. तिसरा निष्कर्ष सर्वांत व्यावहारिक आहे. या क्षेत्रातील खरे राजदूत परराष्ट्र मंत्रालयात नसतात. वसतिगृहाचा अधीक्षक, प्रवेश विभागातील कारकून, पोलीस ठाण्यातील हवालदार, खोली भाड्याने देणारा घरमालक आणि बाकावर शेजारी बसणारा सहाध्यायी हेच ते राजदूत होत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे असे सुचविले आहे. पुण्यात १९७१ मध्ये शां. ब. मुजुमदार यांनी 'सिम्बायोसिस' ही संस्था काढली, ती परदेशी विद्यार्थ्यांना आपले माणूस मिळावे याच जाणिवेतून. धोरणाने जे नंतर सांगितले, ते एका प्राध्यापकाला अर्धशतक आधी उमगले होते.

प्राचीन विहारांचे अवशेष पाहावयास आज प्रवासी जातात. ते विहार भव्य होते म्हणून लक्षात राहिले असे नाही. तेथे परका म्हणून आलेला मनुष्य शिष्य म्हणून राहिला आणि परत गेल्यावर त्याने त्याविषयी चांगले लिहून ठेवले, म्हणून त्यांची कीर्ती टिकली. बंगळुरूच्या एखाद्या उपनगरातील भाड्याच्या खोलीत आज रात्री कोणी नेपाळी मुलगी परिचर्येच्या परीक्षेचा अभ्यास करीत असेल, कोणी भूतानी मुलगा संगणकाचा कार्यक्रम लिहीत असेल. आणखी वीस वर्षांनी ती दोघे आपापल्या देशात या शहराविषयी काय सांगतील, ते आज त्यांच्या शेजारच्या दारामागे राहणाऱ्या माणसांच्या वागण्यावर अवलंबून आहे.